इंजिन सुरू झालं त्या दुपारी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. आज माझ्या अंगावर गंजाचा एकही ठिपका नाही. दारं बोटाने ढकलली तरी लागतात. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून म्हणतात, "काय चमकतेय!" हे ऐकून मला आनंद व्हायला हवा. होत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याचे सपाट तुकडे साच्याखाली जात आणि दार, छत, बॉनेट होऊन बाहेर येत. शेवटी एका माणसाने माझ्यावरून फडकं फिरवलं आणि मागे न पाहता तो पुढच्या गाडीकडे वळला. जन्माचं मला एवढंच आठवतं.

मला एका सुताराने घेतलं. तो कपाटं, पलंग, टेबलं करायचा आणि मी ती घरोघर पोचवायची. लाकडाला चरा पडू नये म्हणून माझ्या हौद्यात जुन्या चादरी अंथरलेल्या असत. शाळेला सुट्टी असली की त्याची मुलगी शेजारच्या सीटवर बसायची. माझं काही बिघडलं की तीच त्याच्या हातात पाने द्यायची, तेही त्याने नंबर सांगायच्या आधी. म्हणून तो तिला 'मिस्त्री' म्हणे.

"मिस्त्री, काय झालं असेल हिला?"

"रुसलीय."

"मग काढ समजूत. मी तोवर चहा पितो."

त्या घरात माया बोलून दाखवायची पद्धत नव्हती. मुलीची आई लवकर गेली, त्यानंतर तर नाहीच. दप्तराचा पट्टा, सायकलची घंटा, चपलेचा अंगठा, जे तुटेल ते सुतार दुरुस्त करून मुलीच्या उशाशी ठेवायचा. मुलगीही तशीच झाली. समोर कोणी रडायला लागलं की तिला आधी स्क्रू ड्रायव्हर आठवायचा.

पुढे ती शिकून नोकरीसाठी लांब गेली. सुताराचे गुडघे कुरकुरू लागले, त्याचं सुतारकाम बंद झालं, आणि मला आवारात भिंतीशी लावून वर ताडपत्री टाकली गेली. मित्रांनो, गंज आवाज करत नाही. रंगाला फक्त एक फोड येतो, पुरळ आल्यासारखा. तो फुटतो तेव्हा आतल्या पत्र्याचा भुगा झालेला असतो. सुताराचं दुखणंही तसंच निघालं. डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं.

मुलगी रजा काढून आली. तिने वडिलांचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला. माझ्या काचेतून ती खिडकी सरळ दिसते. तिने औषधं लावून ठेवली, उशा उंच केल्या, पंख्याची करकर थांबवली. मग तिच्या हाताला काम उरलं नाही. ती बाहेर आली आणि तिने माझ्यावरची ताडपत्री ओढली.

"बाबा, तुमची गाडी चालू करते. तुम्हाला ऐकवते."

"गंजू दे गं तिला. तू बस जरा."

"बसते. एवढं दार काढते आणि आलेच."

तिला वाटलं, बाबा संकोचाने नको म्हणतायत. आयुष्यभर जो माणूस दुरुस्तीच्या भाषेत बोलला, तो या वेळी सरळ बोलतोय हे तिला कसं कळावं?

तिने तारेच्या ब्रशने मला खरवडलं. कुजलेला पत्रा कापून नवे तुकडे जोडले, सांध्यांवर खाचा बुजवायची लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. जाम झालेल्या इंजिनात तेल सोडून ते रोज थोडंथोडं हलवत राहिली. सुताराची बहीण मदतीला येऊन राहिली होती. ती दारात उभी राहून कडाडायची.

"अगं, तो तिथे पडलाय आणि तू पत्र्याला मलम फासतेयस?"

"मलम नाही आत्या, लांबी आहे."

"जे असेल ते! त्याच्यापाशी बस की जरा."

"बसून काय बोलू?" मुलगी खाली बघत म्हणाली. "ठोकाठोकी ऐकू आली की त्यांना कळतं, मी आहे म्हणून."

आत्या दारातून आत वळली.

जेवणाच्या वेळी ती आत जायची.

"आज काय केलं, मिस्त्री?"

"कार्बोरेटर उघडला. आत कोळ्याने घर केलंय."

"भाडं घे त्याच्याकडून."

दोघं हसायची. त्याला खोकला यायचा. मग तो पलंगाच्या कडेवर हाताने थोपटायचा. ती म्हणायची, "हात काळे आहेत बाबा, चादर खराब होईल. धुऊन येते." आणि नळाकडे जाता जाता तिला माझा एखादा सैल बोल्ट दिसायचा.

एका दुपारी आत्या औषधांच्या दुकानात गेली होती, तेव्हा माझं इंजिन सुरू झालं. आधी निळा धूर, दोन-चार आचके, आणि मग एकसारखी घरघर. मुलीने बॉनेटवर गाल टेकला आणि डोळे मिटले. तिची खिडकीकडे पाठ होती.

मी पाहत होते. सुतार कोपरावर उठला होता. त्याची नजर माझ्यावर नव्हती, तिच्यावर होती. त्याचे ओठ हलले, मिस्त्री. पुन्हा हलले. त्याने खिडकीचा गज धरला. मग हात सुटला.

मित्रांनो, चढावर, ऐन चौकात, गिऱ्हाइकाच्या दारात मी हव्या तेवढ्या वेळा बंद पडले आहे. त्या दुपारी मला बंद पडायचं होतं. पण एक ठोकाही चुकला नाही. तिने काम इतकं चोख केलं होतं.

इंजिन चांगलं तापू देऊन तिने किल्ली फिरवली. आवारात शांतता झाली. ती नळाशी गेली. आधी रॉकेलने, मग साबणाने तिने हात धुतले, नखांतलं काळं काढलं, पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. आणि हसतच आत गेली. पुढचं मला सगळं ऐकू आलं.

भेटायला आलेले लोक म्हणाले, "तुझ्या हाताने चालू झालेली गाडी ऐकून गेले. समाधानाने गेले." आत्याही येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. मुलगी मान हलवते. रोज सकाळी माझ्यावरचं दव पुसते, पण दार उघडून कधी आत बसत नाही. तिला खरं सांगायला मला तोंड नाही हे बरं आहे. तो माझा आवाज ऐकत नव्हता. तो तिला हाक मारत होता, आणि ती हाक माझ्या आवाजात बुडाली. त्याला काय सांगायचं होतं, ते आता कोणालाच कळणार नाही. कदाचित पाणीच हवं असेल.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आमची काळजी घ्या. मला ते मागायचं नाही. आम्हाला गंजू द्या. घरातलं कोणी पलंगाच्या कडेवर हाताने थोपटत असेल, तर पाना जिथे असेल तिथे टाका आणि जा. बोलायला काही सुचलं नाही तरी बसा. हात काळे असतील तर तसेच जा. चादर धुता येते.