फळ्यावरचे चार मार्क

"आते, चार मार्कांच्या खेळाक कोण हातसुद्धा लावणा नाय. सहा तरी कर गो!"

भाईने हे सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. सुगंधाबाईंनी चष्म्यावरून भाच्याकडे पाहिलं, ते वर्गात बडबडणाऱ्या पोराकडे पाहावं तसं.

"अठ्ठावीस वर्सां शाळेत कोणाचे मार्क वाढवूक नाय. आता तुझ्या डब्यांचे वाढवू?"

मालवणच्या बाजारात भाईचं घड्याळं-रेडिओचं दुकान. गेल्या वर्षापासून तो मुंबईहून व्हिडिओ गेमचे तळहाताएवढे डबे आणू लागला. त्यातला कुठला चांगला, हे गावात कोणाला कळणार? निवृत्त होऊन घरी कंटाळलेल्या बाईंनी एक उचलला, दोन दिवस खेळल्या आणि दुकानातल्या फळ्यावर त्याचं नाव लिहून पुढे दहापैकी सात मार्क टाकले. तो आठवड्यात संपला. तेव्हापासून फळा हाच कायदा. मसुऱ्याहून एसटीने येणारे पालक आधी फळा वाचत आणि मग डबा मागत. खोका उघडूनही पाहत नसत. बाईंचा हात आखडता, म्हणून त्यांच्या मार्कांना वजन होतं. बाईंना याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

होडीच्या खेळाला मात्र त्यांनी चार दिले होते आणि भाईने एकदम डझनभर आणून ठेवले होते. नमुन्याचा एक सोडला तर बाकीचे कपाटात तसेच पडून होते.

दुपारी एसटीची वाट बघत लवू रिक्षावाला दुकानात टेकला. लवू आला की बाई नेमकं काहीतरी पुसायला घेत. हा त्यांचा जुना विद्यार्थी. सातवीत नापास झाला आणि शाळा सुटली. आज तिशी उलटली होती त्याची. काउंटरवर नमुन्याचा होडीचा खेळ पडला होता, तो त्याने सहज हातात घेतला. बराच वेळ टिकटिक चालू राहिली.

"बाई, ह्यो तुमी कितीवर सोडलात?"

"दीडशे. पुढे तेच तेच आहे."

"तेच नाय! दोनशे झाले की होडी खोल दर्यात जाता. मगे जाळा टाकूचा. खरी मजा थंय आसा. तुमी फुडचा पान बघूकच नाय."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

त्यांनी खेळ घेतला. लवू शेजारी उभा राहून सांगत होता, "आता डावीकडे, बाई... घाई नको." दोनशे झाले, होडी पुढे सरली, जाळं पडलं. खेळ खरंच छान होता. बाई मनापासून हसल्या.

त्या उठल्या, खडू घेतला. चारावर एकच आडवी रेघ मारली, बाजूला आठ लिहिले आणि त्यापुढे पूर्ण सही केली. चुकलेला मार्क पुसायचा नाही. तो वाचता आला पाहिजे आणि शेजारी दुरुस्ती करणाऱ्याची सही पाहिजे, ही उत्तरपत्रिकांची रीत.

सकाळपासून मार्क मागणारा भाईच आता घाबरला. "पुसून लिव गो! लोक म्हणतले, भाच्यासाठी वाढयल्यान."

"म्हणूंदेत."

आणि लोक म्हणालेच. थोड्याच वेळात आलेल्या कसालच्या एका गृहस्थांनी फळा वाचला, खोडलेल्या चाराकडे पाहून मिशीत हसले आणि सात मार्कांचा दुसरा खेळ घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी सुगंधाबाईंच्या मार्कांना हसलं होतं. ते त्यांना झोंबलं. पण त्यांनी फळ्याला हात लावला नाही.

"लवू, बस जरा. सातवीत गणितात तुला तेहतीस पडले होते."

"होय तर. दोन मार्क कमी पडले म्हणान रिक्षा गावली!" हा त्याचा स्टँडवरचा ठरलेला विनोद होता.

"कमी पडले नव्हते. तुझी पुरवणी दुसऱ्याच्या पेपरात अडकली होती. मला ती मे महिन्यात सापडली. निकाल लागून गेला होता. बाईंची चूक झाली, असं लोक म्हणतील, या भीतीने मी गप्प बसले. मी तुझं वाईट केलं, लवू."

भाई मान खाली घालून घड्याळाचा पट्टा बसवू लागला. लवूचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, त्याचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

"मगे किती होते?"

"पुरवणीत आठ. एक्केचाळीस."

तो फळ्याकडे वळला. मग म्हणाला, "माका तसाच लिवन द्या. खोडून. सहीसकट."

बाईंनी वहीचं पान फाडलं. लाल पेन शोधलं. गणित, तेहतीस, त्यावर रेघ, एक्केचाळीस, सही. रेघेखालचे तेहतीस वाचता येत होते. लवूने कागदाची घडी केली आणि खिशात लायसन्सच्या पाकिटात ठेवली.

"आज बाबा व्हये होते ह्यां बघूक," तो म्हणाला.

बाहेर एसटी येऊन थांबली. उतारू खाली उतरले. "रिक्षा! रिक्षावालो खंय गेलो?" कोणीतरी ओरडलं. लवू जागचा हलला नाही. त्याने पाकीट बाहेर काढलं आणि कागद पुन्हा उघडला.