सरासरी एक्क्याण्णव

आमच्या घरी नवी इस्त्री यायला पाच महिने लागले होते. दुकान कोपऱ्यावर आहे, चालत चार मिनिटं. पण माझ्या नवऱ्याला अशी उठून वस्तू आणता येत नाही, आधी तक्ता करावा लागतो. डावीकडे कंपन्यांची नावं, वर गुण, मध्ये आकडे, आणि चांगल्या आकड्याला हिरवा रंग. तो बाटल्यांच्या कारखान्यात दर्जा तपासनीस आहे. दिवसभर बाटल्यांच्या काचेची जाडी मोजतो आणि घरी आला की आमची मोजतो. ते पाच महिने मी गिऱ्हाइकांना शिवलेले कपडे चुरगळलेलेच कुठल्या तोंडाने दिले ते माझं मला माहीत.

एवढा अनुभव गाठीशी असताना मीच एक दिवस म्हणाले, "अरे, मागच्या खोलीत नेट पोचत नाही, काहीतरी कर ना." आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

मागची खोली म्हणजे माझी कामाची खोली. अकरा वर्षं मी तिथे शिवते. आत कापड बेतायचं टेबल आहे, आठ फूट बाय चार. सुताराने ते आतच बसून केलं, त्यामुळे ते दारातून बाहेर निघत नाही. खिडकी एकच, ती दोन इमारतींमधल्या बोळात उघडते, आणि समोर हातभर अंतरावर पलीकडच्या इमारतीतल्या नर्सबाईंची खिडकी. राउटर हॉलमध्ये, म्हणजे मध्ये तीन भिंती. मोबाइलचीही तीच कथा. पहिलं ‘हॅलो’ जातं, दुसरं वाटेत बसतं.

इतके दिवस अडलं नव्हतं. पण एका प्रशिक्षण संस्थेने मला विचारलं होतं. आठवड्यातून तीन दिवस, थेट वर्ग, चाळीस जणी, पूर्ण वर्षभर. त्याआधी एका शनिवारी अकरा वाजता तासभराचा नमुना वर्ग घ्यायचा. संस्थेच्या बाई गोड बोलत होत्या पण गोड बोलून त्यांनी सांगितलं ते कडूच होतं. "तुमच्याआधीच्या दोघींचं शिकवणं उत्तम होतं हो, पण मध्येच चित्र थिजायचं. आता आम्ही एकदाच बघतो."

मला ते काम हवं होतं. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, भयंकर हवं होतं. अकरा वर्षं लोकांच्या पँटी आखूड करतेय, तुटलेल्या चेनी बदलतेय. बाही खांद्यावर एकही चुणी न पडता कशी बसवायची हे मला येतं, आणि आजवर ते कुणी मला विचारलेलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर नेऊन शिकवावं तर तिथे एक बाहीसुद्धा धड पसरत नाही. हातात दोन महिने होते.

"एक्स्टेंडर घेऊ," नवरा म्हणाला. "छोटी डबी असते. भिंतीतल्या प्लगला लावायची, ती राउटरचं नेट धरते आणि पुढे सोडते."

"मग आण की उद्या."

"उद्या?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला दुकान लुटायला सांगितलं होतं.

पहिले दोन आठवडे सिंगल बँड की ड्युअल बँड यात गेले. पुढचे दोन अँटेना बाहेर असलेली बरी की आत असलेली, यात. रोज जेवताना तो मला लोकांचे अभिप्राय वाचून दाखवायचा, आणि तेही फक्त एका चांदणीचे. कुणाची डबी तापली, कुणाची दर मंगळवारी बंद पडली, कुणाच्या मांजराने चावली. मांजरवाल्या अभिप्रायावर तो दोन दिवस विचार करत होता. आमच्याकडे मांजर नाही.

मग तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा मीही सोबत होते. दुकानदाराने आम्हाला लांबूनच पाहिलं आणि तो खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. बराच वेळ शोधत होता बिचारा.

"यात आणि त्यात फरक काय?" नवऱ्याने दोन खोकी समोर ठेवून विचारलं.

"साहेब, दोन्ही चालतात."

"पण फरक?"

"हा पांढरा आहे."

"आणि रेंज?"

"साहेब, घर किती मोठं आहे तुमचं?"

आता यावर कुणीही ‘दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर’ म्हणेल. माझा नवरा म्हणाला, "ते मोजावं लागेल." आणि आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. दुकानदाराने मागून दार लावून घेतल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

त्या दिवसापासून घरात मोजणी सुरू झाली. जमिनीवर खडूने फुल्या मारल्या. तो हातात फोन धरून एकेका फुलीवर उभा राहायचा, श्वास रोखून नेटच्या जोराचा शंभरपैकी आकडा बघायचा, वहीत लिहायचा, मग पुढच्या फुलीवर. बाथरूममध्ये वीस मिनिटं उभा होता. मी बाहेर टॉवेल घेऊन. बाल्कनीत दोन वाळलेल्या कुंड्या आहेत, त्यांच्यामध्येसुद्धा फुली होती.

"अरे, माझ्या खोलीत कधी मोजणार?" मी विचारलं.

"तुझ्या टेबलामुळे पाय ठेवायला जागा नाही. बघतो नंतर."

"नंतर म्हणजे?"

"आधी घराचं होऊ दे."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं, कारण कढईत फोडणी जळत होती. चूक माझीच.

डबी आली शुक्रवारी संध्याकाळी. नमुना वर्गाच्या आदल्या दिवशी! मी दाराशीच खोकं हिसकावून घेणार होते, पण साहेबांनी हात धुतले, चष्मा पुसला, खोक्याच्या चारी बाजूंचे फोटो काढले. मग डबी बेडरूमच्या दाराशी लावली आणि मला बजावलं, "शेवटची मोजणी होईपर्यंत कुणी नेट वापरू नका. आकडे बिघडतात." मी ऐकलं. बघा, मीही काही कमी नाही.

शनिवारी दहा वाजता तो वही घेऊन आला, चेहरा फुललेला. "सरासरी एक्क्याण्णव! आधी चौसष्ट होती. बाल्कनीत अठ्ठ्याऐंशी!"

मी टेबलावर कापड अंथरलं. खडू, कात्री, टेप जागेवर ठेवली, वरच्या दांडीला कॅमेरा अडकवला आणि वर्ग उघडला. पडद्यावर गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. साडेदहा वाजले, गोल फिरतोच आहे.

"इथे काहीच नाहीये!" मी ओरडले.

तो दाराशी आला, फोन पुढे धरला. "हं. सात आहे."

"सात? आणि एक्क्याण्णव काय होतं मग?"

"ती सरासरी होती."

"मला सरासरीत शिवायचं नाहीये, मला इथे शिवायचंय! ती डबी काढ आणि पॅसेजमध्ये लाव, माझ्या दाराशी."

"पॅसेजमध्ये लावली तर बाल्कनी पडते गं. थांब, चिडू नकोस. नवं सॉफ्टवेअर आलंय, ते घातलं की रेंज वाढते. सात मिनिटांचं काम."

मी नको नको म्हणेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं. डबीवरचा दिवा लाल झाला. मग राउटरचाही झाला, कारण त्याचंही नवं आलं होतं म्हणे. पावणेअकरा वाजता आमच्या घरात, सगळ्या फुल्यांवर मिळून, शून्य नेट होतं.

चाळीस जणी तिकडे वाट बघणार, संस्थेच्या बाई घड्याळाकडे बघणार, आणि मग ‘तुमच्याआधीच्या तिघी’ असं कुणा चौथीला सांगणार. मला रडू यायला लागलं, रागाचं रडू. नवरा डबीपुढे उकिडवा बसून टक्के वाचत होता. "अकरा टक्के. बारा."

मी खिडकी उघडली आणि समोरच्या काचेवर मोजपट्टीने ठोकलं. नर्सबाई रात्रपाळी करून नुकत्या आल्या असणार, अंगावर गणवेश तसाच होता. त्यांच्या माझ्या ओळखीची मजल आजवर ‘पाणी आलं का’ याच्यापुढे गेलेली नव्हती.

"अहो, तासभर तुमचं नेट द्याल का? माझं काम जातंय हो."

त्यांनी का, कशाला, काहीही विचारलं नाही. आत गेल्या, राउटर उचलून आणला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कागदाच्या कपट्यावर पासवर्ड लिहून हात लांब करून दिला. "सावकाश होऊ द्या. मी झोपतेय, खिडकी उघडीच ठेवते." सगळं मिळून दीड मिनिट. कुठल्याही तक्त्याशिवाय!

अकराला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर चाळीस चेहरे आले. पहिल्या पाच मिनिटांतच खडूची रेघ वाकडी गेली. तीच वाकडी रेघ दाखवून मी म्हणाले, "हे असं झालं तर काय करायचं, आधी ते शिकू." मुली हसल्या. मग मात्र मी सुटलेच. बाही बेतली, कापली, टाचली, खांद्यावर बसवली. एक चुणी नाही! तास संपल्यावर संस्थेच्या बाई म्हणाल्या, "चित्र एकदाही थिजलं नाही. सोमवारपासून या."

मी कात्री खाली ठेवली आणि जागच्या जागी बसले. दारात नवरा उभा होता, छाती पुढे काढून; मधल्या वेळात त्याच्या डबीचा दिवा हिरवा झाला होता.

"बघितलंस? दोन महिने घेतले म्हणून. पहिली दिसेल ती डबी आणली असती तर?"

पासवर्डचा कपटा मी मुठीत मिटला. आनंदच इतका झाला होता की त्यातला त्यालाही थोडा घेऊ द्यावा असं वाटलं. अशी मी क्वचितच वागते, पण त्या दिवशी वागले. दुपारभर बसून त्याने डबीला पाच चांदण्यांचा, दीड पानाचा अभिप्राय लिहिला.

संध्याकाळी नणंद आली. तिच्याही घरी नेट अडतं, आणि तक्तेवाल्या भावाच्या जिवावर ती स्वतः कधी काही शोधत नाही. त्याने फाइल उघडली, घराचा नकाशा पसरला. नकाशा देखणाच होता, खोट कशाला काढू. प्रत्येक खोली वेगळ्या रंगात, प्रत्येक फुलीवर आकडा. नणंद बोट फिरवत वाचायला लागली.

"हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम, पॅसेज, बाल्कनी... दादा, हे मागे काय आहे? तिरप्या रेघा मारलेलं?"

"ते काही नाही. स्टोअर."

"स्टोअर? तुमच्याकडे स्टोअर कुठंय?"

नवऱ्याची नजर हळूच माझ्या खोलीच्या दाराकडे गेली. नणंदेचीही गेली. मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते.

"वहिनीची खोली?" नणंद म्हणाली.

"अगं, तसं नाही. कारखान्यात पद्धतच आहे. शंभर बाटल्यांत एखादी फारच वाकडी निघाली की ती बाजूला ठेवून सरासरी काढतात. नाहीतर सगळा आकडा खाली येतो."

मी कप खाली ठेवले. त्या खोलीत बसून मी अकरा वर्षं काढली. याच्या शर्टाची बटणं तिथेच लागली. ‘सुई आहे का, दोरा आहे का’ करत हा रोज दाराशी येतो. आणि नेट ज्या खोलीत हवं म्हणून हा सगळा उद्योग, तीच खोली याने मोजण्यातून काढून टाकली, कारण आकडा छान दिसत नव्हता.

"आजचा वर्ग नर्सबाईंच्या नेटवर झाला," मी म्हणाले. "तुझ्या डबीवर नाही."

"म्हणजे? मग आपला एक्स्टेंडर?"

त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो पडला होता डबीसाठी, हे माझ्या लक्षात आलं आणि बरं वाटणं तिथेच थांबलं.

मी बेडरूमच्या दाराशी गेले, डबी उपटली आणि पॅसेजमध्ये माझ्या दाराजवळच्या प्लगला लावली. दोन मिनिटांत हिरवा दिवा आला.

"ऊठ," मी म्हणाले. "मोज."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्या खोलीपासून."

तो उठला. टेबलाच्या कडेने अंग चोरत आत गेला, त्या खोलीत पहिल्यांदा फोन पुढे धरून उभा राहिला. शहाऐंशी. मग सगळं घर फिरून आला. बाल्कनी बासष्टवर आली होती, ते सांगताना त्याचा आवाज बसला. नणंदेने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि सातही जागांची बेरीज करून भागाकार केला.

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली. "दहाने कमी झाली की रे दादा."

"कमी नाही झाली," मी म्हणाले. "आधीची खोटी होती."