गरजेचे स्वरूप आणि अंदाजे वेळ

समुद्रावरची मुतारी पालिकेने बंद केली त्याला पाच महिने झाले. मुतारी हा शब्द आमच्या कचेरीत कधी चालला नाही. ‘सार्वजनिक स्वच्छतागृह’ असंच टाइप करावं लागायचं, आणि ते मी एकतीस वर्षं केलं. पालिकेच्या टंकलेखन विभागात लागले तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या. बाहेर पडले तेव्हा अंबाड्यापुरतेही केस उरले नव्हते. त्यामुळे ते दार बंद करण्याचा ठराव बाहेर आला, तेव्हा त्यातलं कुठलं वाक्य कुठल्या टेबलावर जन्मलं असेल ते मला घरबसल्या कळलं. ‘वापरकर्त्यांची संख्या अत्यल्प आढळून आल्याने.’ ती संख्या मोजायला माणूस पाठवला कधी, तर वादळाचा बावटा लागला होता त्या दिवशी. समुद्रावर कुत्रंही फिरकलं नव्हतं.

पूर्वी तिथे एक बाई बसायच्या. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणायचं. साबणाची वडी दोऱ्याने कापून तिचे आठ तुकडे करायच्या आणि बशीत मांडून ठेवायच्या. फरशी इतकी कोरडी, की अनवाणी जावं. तान्हं मूल घेऊन कुणी आली, की मूल आधी स्वतःच्या कडेवर घ्यायच्या आणि मग तिला आत सोडायच्या. मावशी निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणाला नेमलंच नाही. मग नळ गळायला लागला. दुरुस्ती म्हणून तो नळच काढून नेला. शेवटी कुलूप.

याच पालिकेने गेल्या वर्षी किनाऱ्यावर नवी बाकं बसवली, ती समुद्राकडे पाठ करून. बसवणाऱ्याने नकाशा उलटा धरला होता म्हणे. आता लोक बाकावर बसून समोरच्या गॅरेजमधली पंक्चरं बघतात.

माझ्या थोरल्या भावाला मात्र या बंद दाराचं हसू येण्यासारखं नव्हतं. दादाने सगळी नोकरी बंदरात भरती-ओहोटीची नोंद ठेवण्यात काढली. वहिनी गेल्यापासून तो माझ्याकडे राहतो. संध्याकाळी समुद्रावर जायचं, धक्क्याच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी चढलंय ते बघायचं, दोन तास बसायचं आणि यायचं, एवढी एकच गोष्ट तो दिवसभरात स्वतःसाठी करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्याला पाऊण तासाच्या वर धीर निघत नाही. मुतारीला कुलूप लागलं आणि पंधरा दिवसांत दादाचं जाणं थांबलं.

“गुडघे दुखतात गं,” तो म्हणाला.

गुडघे कसले दुखतात! त्याच्या पँटी मी धुते. पण तो म्हणाला गुडघे, मी म्हणाले तेल लावून देते. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची पद्धत नाही. तो खिडकीशी बसून राहायला लागला, आणि त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते.

माझा राग मी सलूनच्या फळ्यावर काढायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलून आहे. त्याच्या बाहेर एक फळा आहे, त्यावर दर सोमवारी मी खडूने पालिकेच्या नावाने एक खोटी सूचना लिहिते. ‘बाकांवर बसणाऱ्यांनी समुद्र पाहण्यासाठी मान वळवू नये, तशी तरतूद नाही.’ असलं काहीतरी. लोक थांबून वाचतात, हसतात, आपल्या कामाला जातात. बर्फाच्या कारखान्यातली बाई तर पोट धरून हसते. तिला आम्ही बर्फवालीच म्हणतो. “आज्जी, तुम्ही त्यांना अगदी सोलून काढता बघा!” असं ती दर आठवड्याला म्हणते. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या सोमवारी माझं मनगट धरलं होतं. फळ्यावर हात वर करून लिहवेना. म्हणून घरच्या टाइपरायटरवर सूचना टाइप केली. एकदा मशीनसमोर बसल्यावर हात आपोआप जुन्या वळणावर गेले. वर पालिकेचं नाव, डाव्या हाताला जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक, खाली विषय आणि संदर्भ.

‘समुद्रकिनाऱ्यावरील स्वच्छतागृह यापुढे केवळ पूर्वसूचनेवरून उघडण्यात येईल. गरजूंनी गरजेचे स्वरूप, अंदाजे वेळ व लागणारा कालावधी नमूद करून तीन प्रतींत अर्ज सादर करावा. ऐनवेळी उद्भवलेल्या गरजेची दखल घेतली जाणार नाही.’

सलूनवाल्याने ती फळ्यावर टाचली. दुपारी बर्फवालीला आणखी गंमत सुचली. तिने ती काढली आणि थेट मुतारीच्या कुलूप लावलेल्या दारावर नेऊन चिकटवली. मला संध्याकाळी हे कळलं तेव्हा मीही टाळी दिली तिला.

त्या आठवड्यात दादा दोनदा घराबाहेर पडला. दुसऱ्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत पाकीट घेऊन. “पेन्शनचं काम आहे,” म्हणाला. मला बरंच वाटलं. निदान बाहेर तरी पडला.

पुढच्या सोमवारी फळ्यावर लिहायला गेले, तर सलूनच्या खुर्चीत पालिकेचा आवक-जावकचा कारकून बसला होता. मी निवृत्त झाले तेव्हा हा नुकताच लागला होता. तोंडाला फेस, आणि बोलणं चालूच. बर्फवाली बाहेरच्या बाकावर.

“अहो बाई, या या!” आरशातून मला बघून तो म्हणाला. “तुमची नोटीस भलतीच चालली. एकाने खरंच अर्ज केलाय.”

“काय सांगतोस!”

“तीन प्रतींत! गरजेचे स्वरूप : लघवी, वारंवार, शस्त्रक्रियेनंतर. सगळं लिहिलंय बिचाऱ्याने. साहेबांच्या केबिनमध्ये मोठ्याने वाचला आम्ही. चहा सांडला साहेबांचा.”

“चौथी प्रत कुणासाठी ठेवली असेल, विचारा,” सलूनवाला म्हणाला.

“आणि कालावधी?” बर्फवालीने विचारलं. “कालावधी किती लिहिलाय?”

“चार मिनिटे, वारा असल्यास पाच!”

बर्फवाली बाकावरून पडायची राहिली. मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“आणि सोबत तक्ता जोडलाय,” कारकून फेस पुसत म्हणाला. “महिन्याभराचा. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या रोजच्या वेळा, रकान्यात. म्हणे भरतीच्या वेळेनुसार पंधरा मिनिटं मागेपुढे होतील.”

माझं हसू तिथेच थांबलं. असा तक्ता आखणारा माणूस गावात एकच होता.

मी खडू तसाच बाकावर ठेवून घरी आले. दादा स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसला होता.

“दादा, मुतारीच्या दारावरची ती नोटीस मी लिहिली होती.”

“कुठली?”

“तीन प्रतींची.”

“तुझी सही नव्हती त्यावर.”

“गंमत होती रे ती.”

“जावक क्रमांक होता.”

“तोही मीच टाकला.”

त्याने हातातली शेंग पुरी सोलली, दाणे भांड्यात टाकले. “कोण कोण हसलं?”

“सगळेच.”

“तू?”

“मीपण. मला कळलं नाही ना, तुझा अर्ज आहे ते.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाचा असता तर चाललं असतं,” दादा म्हणाला.

गेली कितीतरी वर्षं मी त्या फळ्यावर लिहीत आले. त्यातल्या एकाही निर्णयाची एक ओळसुद्धा बदलली नव्हती. साहेबांचा चहा तेवढा सांडायचा.

“उद्या जाऊन अर्ज परत आणते,” मी म्हणाले.

“मीही येतो. आणि परत कशाला? मी काय खोटं लिहिलंय त्यात?”

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही कचेरीत पोचलो. कचेरी घर आणि समुद्र यांच्या बरोबर मध्ये आहे. कारकून आम्हा दोघांना एकत्र बघून उभाच राहिला. त्याचा चेहरा पडला, ते बघून मला जरा बरं वाटलं.

“काका तुमचे...?”

“थोरला भाऊ. अर्ज दे त्याचा.”

“बाई, तुम्हाला माहीतच आहे. आवक नंबर पडला की कागद बाहेर देता येत नाही. निकाली काढावा लागतो.”

“मग काढ निकाली.”

“कसा काढू? असा नियमच नाही. तो तुम्ही केलात.”

“नियम नाही, तर अर्जाला नंबर कसा दिलास?”

“तो पद्धतशीर होता ना,” कारकून बारीक आवाजात म्हणाला. “तीन प्रती, विषय, संदर्भ... हात आपोआप शिक्क्याकडे गेला. हसायला आम्ही नंतर लागलो.”

दादा मध्ये बोलला. “मला अर्ज परत नको. उत्तर द्या. मी बसतो.”

तो बाकावर बसला. मी शेजारी. पंख्याचा आवाज, शिक्क्यांचा आवाज. साहेबांनी एकदा दार किलकिलं करून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. अर्ध्या तासाने दादाचे गुडघे जवळ आले. त्याने हात मांड्यांत दाबले. मी दुसरीकडे बघायला लागले, आणि मग मलाच माझी चीड आली. सगळं आयुष्य आम्ही हेच करत आलो, दुसरीकडे बघत.

“अरे, त्याला जायचंय,” मी कारकुनाला म्हणाले. चार टेबलांवरच्या माना वर झाल्या.

“ते कर्मचाऱ्यांसाठी आहे, बाई.”

दादा उठून टेबलाशी गेला. “अर्ज तुमच्यासमोर आहे. तक्ता काढा. आजची तारीख बघा.”

कारकुनाने पानं उलटली.

“आत्ताची काय वेळ दिलीय?”

“अकरा पस्तीस.”

“आणि घड्याळात?”

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं, मग साहेबांच्या दाराकडे. मग खिळ्यावरची किल्ली काढली आणि दादाच्या पुढे चालायला लागला.

उत्तर काही मिळालं नाही. विषय सभेपुढे ठेवावा लागेल, आणि सभा दोन महिन्यांनी. “तोपर्यंत काकांनी इथे यावं, माझ्या जबाबदारीवर,” कारकून म्हणाला. केवढे उपकार! कचेरी साडेपाचला बंद होते, म्हणून दादाचं संध्याकाळचं फिरणं भर दुपारवर आलं. घरातून कचेरी, कचेरीतून समुद्र, अर्धा तास उन्हात उलट्या बाकामागे उभं राहायचं, पाणी बघायचं, आणि पुन्हा कचेरी. ऊन इतकं, की धक्क्याच्या पायऱ्या डोळ्यांवर हात धरल्याशिवाय दिसत नाहीत. तरी तो जातो. छत्री घेऊन मी बरोबर जाते.

बर्फवाली वाटेत भेटली की विचारते, “आज्जी, फळा मोकळाच आहे की!” मी म्हणते, मनगट दुखतंय.

काल आम्ही समुद्रावरून कचेरीत परतलो, तर कर्मचाऱ्यांच्या मुतारीच्या दारावर कागद लावलेला, कुलूप मात्र उघडंच. ‘केवळ कर्मचाऱ्यांच्या वापरासाठी. अभ्यागतांनी प्रवेश करू नये. आदेशावरून.’ जावक क्रमांक, दिनांक, खाली साहेबांची गोल सही. कारकून खाली मान घालून रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होता. एवढं लिहिण्यासारखं त्या रजिस्टरमध्ये काय असतं, ते मला पुरेपूर माहीत आहे.

दादाने चष्मा लावून नोटीस वाचली. पुन्हा एकदा वाचली. ज्या माणसाने जन्मात कधी ‘येथे थुंकू नये’ लिहिलेल्या भिंतीजवळ घसासुद्धा खाकरला नाही, तो हा माणूस.

“ही पण तूच लिहिलीस?” त्याने मला विचारलं.

“नाही रे. खरी आहे. सही बघ.”

“तुझीच असणार,” दादा म्हणाला. “तुझं हे नेहमीचंच आहे.”

आणि त्याने दार ढकललं आणि आत जाऊन कडी लावली.

साहेब केबिनमधून बाहेर आले. “कोण आहे आत?” त्यांनी मला विचारलं.

“गरजू,” मी म्हणाले, आणि दारासमोर छत्री आडवी धरून उभी राहिले. “चार मिनिटं लागतील.”