रिकामी बस वर जाते

शाळेची बस रोज सकाळी रिकामीच टेकडी चढायची. वरच्या बंगल्यांतली मुलं घेऊन ती खाली शहरातल्या खासगी शाळेत सोडायची. बस चालवणारी बाई राहायची पायथ्याच्या वस्तीत. वस्तीत शाळा सातवीपर्यंत. सरकारी हायस्कूल टेकडीवर, बंगल्यांच्या शेजारी. चढ असा, की मुली आठवीतच घरी बसायच्या. तिची सूनही तशीच बसली होती.

एक दिवस पेपरात आलं, जिल्हा विकासात पहिला. सुनेने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आई, मग आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो?"

सासू हसली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने वस्तीच्या तोंडाशी बस थांबवली. "चला गं पोरींनो, चढा! आणि तूही, सूनबाई. आठवीत नाव घाल."

"मी? लोक काय म्हणतील?"

"बसमध्ये जागा आहे म्हणतील."

आठवडाभर बसमध्ये नुसता कल्ला. मग खासगी शाळेच्या व्यवस्थापकांनी बाईला बोलावलं. "बाई, ही बस तुमच्या घरची आहे का?"

"नाही साहेब. पण रिकामी असली तरी डिझेल पितेच की!"

"नियम म्हणजे नियम. उद्या मी स्वतः बसमध्ये असेन."

ते खरंच आले. वस्तीच्या तोंडाशी मुली उभ्या होत्या, मध्ये गणवेशातली सून. तरी बाईने ब्रेक दाबला. नोकरी गेली तर गेली! दार उघडलं, पण साहेबांना बघून कोणी पाय उचलेना.

साहेबांनी सुनेकडे पाहिलं. "तुम्ही कोणाला सोडायला आलात?"

"मला स्वतःलाच," ती म्हणाली. "आठवी अ."

साहेबांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली. "बसा लवकर. वरची मुलं वाट बघताहेत."

मुली धडाधड आत घुसल्या. त्याच संध्याकाळी साहेबांनी संस्थाचालकांशी भांडून मुलींना बसने वर जाण्याची परवानगी मिळवली. येण्याची मिळाली नाही.

"उतार आहे, उतरू चालत," सून म्हणाली. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलाच तास गणिताचा होता, विषय सरासरी. शाळा सुटताच ती धावत घरी आली. "आई, पेपरातला पहिला नंबर कसा काढतात ते कळलं! बंगल्यांची आणि आपली बेरीज करून भागतात!"

"मग आपल्या वाट्याला काय आलं?"

"ते गणिताच्या बाईंना उद्या विचारते!"