भट्टीतला ओला डाग

रतिलालशेठच्या सरकीच्या तेलाच्या कारखान्यात तोतारामने बावीस वर्षं बॉयलर सांभाळला. आधी लाकडांवर, मग कोळशावर. फावडं किती भरायचं आणि दार कधी ओढायचं हे त्याला आवाजावरून कळायचं. मूळचा तो धुळ्याकडल्या सोनगीरचा, पण लग्नानंतर जळगावात आला आणि पिंप्राळ्यात घर करून राहिला. कारखान्यात त्याला सगळे भाऊ म्हणत. वाफ कमी पडली की रतिलालशेठ स्वतः बॉयलरपाशी येऊन त्याला विचारत, आणि तो सांगेल ते ऐकत.

सत्त्याऐंशी साली शेठने जुना बॉयलर काढून तेलावर चालणारा नवा घेतला. तो सुरू करून द्यायला कंपनीने नासीर नावाचा माणूस पाठवला. वय असेल अठ्ठावीसएक. हा धुळ्याचाच निघाला. पहिल्याच दिवशी तो तोतारामशी अहिराणीत बोलायला लागला, आणि तिथूनच तोतारामचं बिनसलं. परका असता तर राग करणं सोपं गेलं असतं.

त्या दिवशी नासीरने तेलाच्या नळीवरचा हातवाल, म्हणजे हाताने फिरवायचा वाल, बंद ठेवूनच बर्नर चालू केला. पंखा फिरला. भट्टीत अर्धा मिनिट नुसती हवा गेली, मग ठिणगी तडतडली. तेलच नव्हतं, त्यामुळे जाळ आला नाही. पाच सेकंदांत सगळं आपोआप बंद पडलं आणि लाल दिवा लागला. शेठ म्हणाले, हे तर पेटलंच नाही. नासीर हसून म्हणाला, पेटलं नाही आणि थांबलं, हेच आज पाहायचं होतं. बर्नरमध्ये वाटाण्याएवढा काचेचा डोळा बसवला होता. त्या डोळ्याला जाळ दिसला नाही तर तेल बंद, असा सगळा हिशेब.

दुसऱ्या दिवशी त्याने बर्नरचं तोंड उघडून खाली स्वच्छ डबा धरला. विजेवर उघडझाप करणाऱ्या वालमधून बंद असताना एक थेंबही गळत नाही, हे दहा मिनिटं उभं राहून पाहिलं. तिसऱ्या दिवशी जाळ चांगला धडधडत असताना तो डोळाच उपसून मुठीत झाकला. डोळा आंधळा होताच जाळ विझला. पाहायला जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

बावीस वर्षांत तोतारामसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. दोनदा भुवया जळाल्या होत्या, तेव्हाही नाही.

मग बारीकसारीक गोष्टीही त्याला टोचू लागल्या. शेठच्या केबिनमध्ये नासीरला खुर्ची मिळे. बॉयलरच्या पाण्याचं काम पाहणारा सुपडू दहा वर्षं तोतारामच्या मागेमागे असायचा. तो आता वही घेऊन नासीरच्या मागे हिंडायला लागला. आणि एका संध्याकाळी तोतारामने केवळ रीत म्हणून नासीरला घरी चहाला नेलं, तर त्याने तोतारामच्या बायकोचा, शेवंताबाईचा, महिनाभर भडकणारा स्टोव्ह खोलून, पिन मारून, निळ्या जाळावर आणून दिला. दुसऱ्या सकाळी शेवंताबाईने दोन डबे भरले. एकात जरा जास्तच भरीत होतं. तो डबा कुणाचा हे विचारायची तोतारामला गरज पडली नाही.

सहाव्या दिवशी अकरा वाजता कारखान्याला पहिली वाफ द्यायची होती. शेठ नारळ फोडणार होते. आदल्या संध्याकाळी दोन तास बर्नर चालवून पाहिला आणि नासीर आईला भेटायला धुळ्याला गेला. जाताना त्याने तोतारामला दोन कामं सांगितली. निघताना तेलाचा हातवाल बंद करायचा, आणि सकाळी दार उघडून बॅटरीने भट्टी आतून पाहायची.

हातवाल तोतारामने बंद केला नाही. मुद्दाम नव्हे. विजेचा वाल असताना आणखी हाताने कशाला, असं त्याला वाटलं, आणि शिकवल्यासारखं सांगितलेलं त्याने मनावर घेतलं नाही.

सकाळी आठला त्याने भट्टीचं दार उघडलं तेव्हा वास आधी आला. बॅटरीच्या उजेडात तळाच्या विटांवर ताटाएवढा ओला डाग चमकत होता. विटा अजून कोमट होत्या. पाहताक्षणी त्याला सगळं कळलं. वालमध्ये कचरा अडकला असणार आणि तेल रात्रभर थेंबाथेंबाने आत आलं असणार. त्याने आधी हातवाल बंद केला, मग चिंध्या आणायला वळला.

दोन पावलं गेला आणि थांबला.

राहू दे, असं त्याच्या मनात आलं. पेटवताना एक भपका होईल. काजळी उडेल. नासीरचा पांढरा शर्ट काळा होईल आणि ते शेठच्या, सुपडूच्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होईल. मग कळेल की काचेच्या डोळ्याला भट्टीचं काही कळत नाही. त्याने दार लावलं, बोल्ट आवळले, आणि नळावर जाऊन हात धुतले. हातांना काही लागलेलं नव्हतं.

एसटी उशिरा आली. नासीर पोचला तेव्हा अकराला दहा कमी होते. शेठ नारळ घेऊन उभे होते. नासीर घाईघाईत आत आला, त्याने बाही वर सारली आणि विचारलं, भाऊ, भट्टी पाहिली ना?

"पाहिली."

"सगळं ठीक?"

"ठीक."

नासीरने पुन्हा विचारलं नाही. एरवी तो स्वतः वाकून पाहायचा. त्या दिवशी मात्र त्याने तोतारामच्या शब्दावर हातवाल उघडला, बटण दाबलं आणि बर्नरसमोर जाऊन, जाळ पाहायच्या काचेला डोळा लावून वाकला. शेठ त्याच्या मागे दोन हातांवर. तोताराम बटणांच्या पॅनेलपाशी.

पंखा घुमायला लागला. अर्धा मिनिट हवा.

तोतारामला भपका पाहायचा होता. पण तो पाहत होता नासीरची मान. मानेवर प्रवासाची धूळ होती आणि घामाचा एक ओघळ कॉलरमध्ये उतरत होता. त्याला भुसावळचा जुना सोबती अभिमन आठवला. त्याच्या बॉयलरचा असाच भपका झाला होता. दार निखळून बाहेर आलं होतं, आणि अभिमनला नंतर बायकोचा चेहरा बोटांनी चाचपावा लागायचा. हे तोतारामला सकाळीही ठाऊकच होतं. सकाळी त्याने ते आठवू दिलं नव्हतं, एवढंच.

ठिणगी पडायला चार-पाच सेकंद उरले असतील. त्याने बंद करायच्या लाल बटणावर पंजा मारला.

पंखा घरघरत थांबला. शेठ वैतागून म्हणाले, ऐन मुहूर्तावर हे काय? तोताराम म्हणाला, "भट्टीत तेल आहे."

नासीरने दार उघडून बॅटरी मारली. तळाच्या विटेला बोट लावून वास घेतला. मग ताठ झाला आणि शेठला म्हणाला, "वाल गळलाय. तोतारामभाऊंनी वाचवलं."

शेठने तोतारामच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांदेखत म्हणाले की मशीन कितीही शहाणं असलं तरी जुना माणूस तो जुना माणूस. सुपडूने टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी. तीन दिवस तोताराम याच टाळीसाठी तडफडला होता. आता ती कानावर येत होती आणि कुठे लपावं हे त्याला सुचत नव्हतं.

दुपारी दोघंच होते. नासीरने वाल खोलला. आत गव्हाच्या कोंड्याएवढी धातूची कपची बसलेली होती. ती त्याने तळहातावर घेतली आणि वर न पाहता अहिराणीत विचारलं, "भाऊ, हाई तुमले सकायलेच दखायनं व्हतं ना?"

 तोताराम म्हणाला, "हो. माले तुना हेवा वाटे."

नासीरचा चेहरा लाल झाला. तो ओरडला नाही. म्हणाला, पंख्याच्या हवेने तेलाची वाफ निघून गेली असती, कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित माझे डोळे गेले असते. घरी आई आहे आणि कमावणारा मी एकटा. मग त्याने कपची चिंधीत पुसली आणि म्हणाला की शेठला तो काही सांगणार नाही, पण उद्या सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून होतील, आणि त्या तोताराम करेल. तेल बंद ठेवून, डोळा झाकून, बॉयलरमधलं पाणी उतरवून, प्रत्येक पाच वेळा. चुकलं तर पुन्हा पाच.

दुसऱ्या दिवशी तोतारामने त्या केल्या.  नासीर बाजूला उभा राहून फक्त सेकंद मोजत होता. एकदाही शाबास म्हणाला नाही. चाचण्या पुऱ्या झाल्यावरच कारखान्याला वाफ गेली, आणि शेठने नारळ फोडायला तोतारामच्या हातात दिला.

तो नारळ काही त्याच्याच्याने फोडवेना. त्याने तो पायरीवर ठेवला, शेठला केबिनमध्ये नेलं आणि आदल्या दिवशीचं आठ वाजल्यापासून अकरापर्यंतचं सगळं सांगून टाकलं. रतिलालशेठने ते ऐकून घेतलं. नोकरीवरून काढलं नाही. पण बॉयलरच्या कंपनीत महिनाभर शिकायला ते त्याला पुण्याला पाठवणार होते. तिथे आता सुपडू जाईल, असं म्हणाले.

नासीर संध्याकाळच्या गाडीने गेला. शेवंताबाईने दिलेला डबा तोतारामनेच स्टँडवर नेऊन दिला. नासीरने तो घेतला, पण तोतारामजवळ बसला नाही, सरळ गाडीत चढला, आणि तोतारामलाही तेच बरं वाटलं.

सुपडू महिन्याने परत आला. अंगात नवा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलण्यात चार इंग्रजी शब्द. तो पॅनेलसमोर उभा राहून इतरांना समजावू लागला तेव्हा तोतारामला पुन्हा तोच हेवा टोचला, ओळखीचा, जसाच्या तसा. तो काही गेलेला नव्हता. त्याने बॅटरी घेतली, भट्टीचं दार उघडलं आणि आत वाकला. तळाच्या एका विटेला बोटभर चीर गेली होती.

"सुपडूभाऊ," त्याने हाक मारली. आजवर तो त्याला नुसतं सुपड्या म्हणत आला होता. "जरा इकडे या. हे पाहून घ्या."