तिसऱ्या दिवसाचा आकडा

सात वर्षं पोटच्या पोरासारखा शिकवलेला माझा विद्यार्थी व्यासपीठावरून माझंच चक्रीवादळ समजावत होता. नकाशे माझे, गणितं माझी, पडद्यावर नाव मात्र त्याचं एकट्याचं. मी तिसऱ्या रांगेत दातओठ खात बसले होते.

एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं विचारलं, "वादळाच्या तिसऱ्या दिवशी समुद्रातलं हवेचा दाब मोजणारं यंत्र बंद होतं. मग त्याच्या डोळ्यातला, म्हणजे केंद्रातला, हा दाब कुठून आणलात?"

तो आकडा मी एका जहाजाच्या कप्तानाच्या वहीतून शोधला होता. या पठ्ठ्याला त्याचा पत्ताच नव्हता. माझ्याकडे बघत तो निर्लज्जासारखा हसला. "असली किरकोळ कामं आमच्या मॅडम बघतात."

सगळ्या माना वळल्या. मी उभी राहिले.

"बरोबर. आता तू मोठं काम कुठलं केलंस, तेही सांग."