सातवी फळी

मित्रांनो, मी दुकानाची एक जुनी फळी आहे. सातवी. अजून माझी धडधड थांबलेली नाही! फळीला कुठली धडधड, म्हणाल. आधी ऐका तरी.

आमच्या बटणवाल्या आजोबांचं दुकान एवढंसं. चार गिऱ्हाइकं आली की भरलं. आजूबाजूला सगळीकडे काचा आल्या, आमच्याकडे मात्र फळ्याच. रात्री दाराच्या खोबणीत एकेक सरकवायची, शेवटी मी, आणि माझ्या कडीला कुलूप. आधीच्या फळ्यांचा क्रम चुकला की मी अडून बसायचे. मग आजोबा म्हणायचे, "सातवीबाई रुसल्या वाटतं!" पस्तीस वर्षं अशी गेली. कुलूप घालताना 'दुकान बंद केलं' असं ते चुकूनही म्हणायचे नाहीत. तो शब्द त्यांना अशुभ वाटायचा. म्हणायचे, "चला, वाढवलं दुकान."

सूनबाई नोकरदारांच्या घरातली. दुपारी दोन तास बसून घरी जायची, त्यामुळे तिच्या कानावर हे कधी पडलंच नव्हतं. "बाबा, दुकान मोठं करू या ना," म्हणून मात्र वर्षभर मागे लागली होती.

एका दुपारी तिला बसवून आजोबा लेकीकडे गेले आणि तिथल्या जिन्यात पडले. पाय मोडला. तिथूनच त्यांचा फोन आला.

"मला आता यायला जमायचं नाही. तू दुकान वाढव."

"खरंच वाढवू, बाबा?"

"अगं, वाढव म्हटलं ना! दहादा काय विचारतेस?"

सूनबाईला आनंदाने रडूच फुटलं. संध्याकाळी तिने आम्हांला कसंबसं खोबणीत बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी सुतार हजर!

अहो, काय सांगू! मागची भिंत पाडली, पुढे काच लावली. माझ्या सहा बहिणी माझ्यादेखत करवतीखाली गेल्या. त्यांचे आत कप्पे झाले. आणि आजोबांना चकित करायचं म्हणून सूनबाईने फोनवर अवाक्षर काढलं नाही.

दीड महिन्याने आजोबा काठी टेकत आले, ते दुकान ओलांडून पुढेच गेले! मग परत फिरले. तोंडावरचा रंगच उडाला.

"हे कुणाला विचारून केलंस?"

"तुम्हालाच, बाबा! वाढव म्हणालात ना?"

"अगं पोरी, मी बंद कर म्हणालो होतो गं. बंद कर!"

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. अंगावर काटा आला माझ्या.

मी बाहेर भिंतीला टेकून होते. सुताराने माझ्यावर पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती. आजोबांनी त्या रेघेवर हात ठेवला. "हिला करवत लावायची नाही. मला बसायला लागेल."

आता मी दाराबाहेर विटांवर आडवी आहे. आजोबा रोज येऊन माझ्यावर बसतात. सूनबाई डबे बाहेर आणून देते, ते बटणांच्या जोड्या लावतात. "बाबा, आत येता?" ती रोज विचारते. "उद्या बघू," म्हणतात.

मित्रांनो, सूनबाई वाईट नाही हो. मायेनेच केलं तिने. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं कळलं नाही, तर "म्हणजे काय?" एवढं तरी विचारत जा. विचारायला कसली लाज? तिने तेवढं विचारलं असतं, तर माझे आजोबा आज स्वतःच्याच दुकानाबाहेर बसले नसते.